कॅश जुळली नाही त्या संध्याकाळी
(प्रस्तावना)

माझ्या हातून पहिल्यांदा कॅश शॉर्ट आली ती १९९१ साली, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. बाजाराचा दिवस होता. दुपारी दोनला काउंटर बंद केला, नोटा मोजल्या, स्क्रोलची बेरीज मारली आणि पाच हजारांचा फरक आला. पुन्हा मोजलं, पुन्हा पाच हजार. माझ्या जवळजवळ दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम. घरी आठ महिन्यांची मुलगी. तिसऱ्यांदा मोजायला घेतलं तेव्हा बोटांना इतका घाम सुटला होता की स्पंज लावायची गरज उरली नव्हती.

कॅशियरची कॅश कमी आली तर ती त्यानं भरायची, हा बँकेतला जुना रिवाज. त्यामुळे ज्याची कॅश जुळत नाही त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न ‘चूक कुठे झाली’ हा येत नाही, ‘पैसे कुठून आणू’ हा येतो. मी केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी मान वर करून विचारलं, “जेवलात का?” मी नाही म्हणालो. “मग आधी डबा खा. उपाशी पोटी फरक सापडत नाही.”

डबा खाऊन आलो तर साहेबांनी टेबल मोकळं करून ठेवलं होतं. दिवसभरात पैसे दिलेले सगळे चेक त्यांनी पालथे मांडले. चेकच्या मागे आपण दिलेल्या नोटांचा तपशील लिहितो. तो मी वाचायचा आणि त्यांनी माझ्या सकाळच्या आणि शिलकीच्या नोटांशी ताडून बघायचा. तासाभरात एका अडत्याच्या पंचवीस हजारांच्या चेकवर आम्ही थांबलो. मागे लिहिलं होतं, शंभराची दोन पाकिटं, पन्नासचं एक. पन्नासची पाकिटं मात्र सकाळी होती तेवढीच शिल्लक होती. म्हणजे मी शंभराची तीन दिली होती. संध्याकाळी सातला साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून मार्केट यार्डात गेलो. मुनीमजींनी पिशवी उघडून तीनही पाकिटं गादीवर ठेवली आणि एक आमच्याकडे सरकवलं.

परतताना साहेब एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी स्टाफला तुम्हीच सांगा काय झालं ते.” मी सांगितलं. आणि मी सांगितलं म्हणून त्या सकाळी आणखी तिघांनी आपापल्या चुका सांगितल्या. एकानं तर तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्या खिशातून भरलेले दोनशे रुपये पहिल्यांदाच बोलून दाखवले.

पुढे अधिकारी झाल्यावर मी दुसऱ्या एका शाखेत गेलो. तिथले प्रमुख हुशार होते, कायदा तोंडपाठ, आकडे उत्तम. पण चूक कळली की भर हॉलमध्ये, ग्राहकांसमोर, ते माणसाला उभं करायचे. तिथल्या कॅशियरला एकदा पाचशे रुपये कमी आले. त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उशिरा आलेल्या एका भरण्यातून त्यानं ते भागवले, तो भरणा तिसऱ्या दिवशी दाखवला, आणि मग त्याला ती सवयच लागली. अचानक तपासणी झाली तेव्हा रक्कम पाच आकडी झाली होती. तो माणूस चोर नव्हता. त्याची चौकशी माझ्यासमोर झाली, आणि मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत असूनही मला काहीच कळलं नव्हतं, याची बोच मला आजही आहे.

पाच हजार आणि पाचशे, या दोन फरकांमधून हे पुस्तक उभं राहिलं. नेतृत्व आणि कामाची परिस्थिती यांचा बँक कर्मचाऱ्याच्या कामगिरीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मी चौतीस वर्षं शाखांमध्ये आणि शेवटची काही वर्षं प्रशिक्षण केंद्रात जवळून पाहिला. इतक्या वर्षांनी मला जे ठामपणे म्हणावंसं वाटतं ते एका वाक्यात मावतं: बँकेत वाईट बातमी किती लवकर वर पोचते यावर तिथलं बाकी सगळं काम ठरतं, आणि ती पोचेल की अडेल हे साहेबाच्या पहिल्या वाक्यावर ठरतं.

बँकेचं कामच तसं आहे. कारखान्यात सुटा भाग वाकडा निघाला तर तो दिसतो. बँकेत चूक कागदाखाली राहते आणि शांतपणे व्याज खात बसते. कर्जदाराच्या गोठ्यात सहा म्हशी आहेत असा तपासणी अहवाल लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की गोठ्यात दोनच होत्या. खातं थकण्याच्या सहा महिने आधी त्या खात्याकडे बघणाऱ्या क्लार्कला वास आलेला असतो. त्यानं ते बोलावं की न बोलावं? बोललं तर ‘रिकव्हरी तुमच्याकडे’ असं उत्तर मिळणार असेल, तर तो बोलत नाही. पुढे खातं एनपीए होतं, आणि सगळे विचारतात की कुणाला कळलं कसं नाही.

अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधक बाईंचं एक काम १९९६ साली प्रसिद्ध झालं. रुग्णालयांच्या वॉर्डांमध्ये औषध देण्यात होणाऱ्या चुकांचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांचा अंदाज साधा होता: ज्या वॉर्डात प्रमुख चांगली आणि माणसं एकमेकांना धरून, तिथे चुका कमी. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडलं की तिथे माणसं चूक झाल्यावर बोलत होती. बाकीच्या वॉर्डांत चुका होत्याच, फक्त नोंदल्या जात नव्हत्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मार्केट यार्डातून परतणारी ती स्कूटर आठवली. आमच्या त्या शाखेत चुकांच्या नोंदी शेजारच्या शाखांपेक्षा जास्त असत, आणि रिजनल ऑफिसमधून त्याबद्दल साहेबांना विचारणाही होत असे. कामगिरी मोजण्याची आपली पद्धत किती आंधळी असू शकते याचं याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

पण एका साहेबाचा स्वभाव एवढाच हा विषय असता तर पुस्तक लिहायची गरज नव्हती. साहेबालाही वर साहेब असतो. स्वभावाच्या मागे यंत्रणा असते, आणि ती नीट बघायची तर २०१६ या एका वर्षाकडे पाहावं.

त्या सप्टेंबरात अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. ग्राहकांच्या नकळत त्यांच्या नावावर लाखो खाती आणि कार्डं काढली गेली होती. अंदाज आधी वीस लाखांचा होता, पुढे तो पस्तीस लाखांवर गेला. काही वर्षांत मिळून सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून काढले गेले. त्या बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ उत्पादनं विकायचं ध्येय होतं आणि शाखांकडून दिवसाला आकडे मागितले जात. सुरुवातीला वरच्यांनी दोष खालच्यांवर ढकलला. नंतर प्रमुखांनाच जावं लागलं. आणि नेमक्या त्याच महिन्यात आपल्याकडे बातमी आली की जनधनच्या शून्य शिल्लक खात्यांमध्ये कित्येक ठिकाणी बँकेच्या माणसांनीच एकेक रुपया भरला होता, कारण वरून ‘शून्य शिल्लक कमी करा’ असा तगादा होता. दोन्हींची तुलना करता येणार नाही इतका गुन्ह्याचा आकार वेगळा आहे. आपल्याकडे त्या रुपयानं कुणाचं नुकसान झालं नाही. पण दोन्ही ठिकाणी माणूस एकाच पेचात सापडला होता. आकडा हवा आहे, तो खरा येण्यासारखी परिस्थिती नाही, आणि ‘येत नाही’ म्हणायची सोय नाही. अशा वेळी खोटा आकडा जन्माला येतो. तो माझ्या कॅशियरनं भागवलेल्या पाचशे रुपयांचाच सख्खा भाऊ.

मग त्याच वर्षीचा नोव्हेंबर. ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या रकमेचा ८६ टक्के भाग. ९ तारखेला बँका लोकांसाठी बंद होत्या, १० तारखेला उघडल्या. त्या आठवड्यातला शनिवार-रविवारही कामाचा होता. बदलून देण्याची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन, मग २४ तारखेनंतर बंदच. मधेच बोटाला शाई लावायचा हुकूम आला. लग्नघरासाठी अडीच लाखांची सवलत आली ती अटींची माळ गळ्यात घालून. जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली आणि ऊस-कापसाचे पैसे त्याच बँकांत असलेला आपला शेतकरी आमच्या दारात येऊन उभा राहिला. नवी दोन हजारांची नोट आकारानं लहान, एटीएमच्या कप्प्यात बसेना. सकाळी काउंटरवरच्या मुलीनं लोकांना सांगितलेला नियम दुपारी खोटा ठरायचा आणि रांग तिलाच खोटारडी म्हणायची.

मी तेव्हा एका जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. नोटाबंदीच्या त्या पन्नास दिवसांत दोन वेगळे वरिष्ठ पाहिले. एक दर दोन तासांनी फोन करून किती जमा, किती वाटप, तक्ता अजून का आला नाही, असं विचारायचे. तो तक्ता भरायला एक माणूस काउंटरवरून उठवावा लागे आणि रांग तेवढी लांबायची. दुसरे एका दुपारी न सांगता आले, बरोबर केळी आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके. बाहेर रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांना आधी पाणी दिलं, मग आत येऊन बदलीच्या काउंटरवर बसले आणि दोन तास फॉर्म तपासून दिले. जाताना त्यांनी प्रत्येक कॅशियरला एकच गोष्ट विचारली, “तुमचे किती गेले?” कारण त्या गर्दीत नकली नोटा आणि मोजण्यातल्या चुका खिशातून भरल्या जात होत्या हे त्यांना माहीत होतं, आणि ते विचारणारे तेच एक होते. एका मुलीचे सहा हजार गेले होते. तिनं ते घरीही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारल्यावर ती रडली, आणि मग पुढच्या काउंटरवर जाऊन बसली.

रिझर्व्ह बँकेनं नंतर हिशेब दिला: १५ लाख ४१ हजार कोटींच्या रद्द नोटांपैकी १५ लाख ३१ हजार कोटींच्या परत आल्या. या आकड्यावर अर्थतज्ज्ञांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. माझ्या डोळ्यांसमोर येतं ते एवढंच की त्यातली प्रत्येक नोट देशातल्या कुठल्यातरी काउंटरवर कुणीतरी हातात घेतली होती. संकटात बँक कर्मचारी किती काम करू शकतो हे त्या पन्नास दिवसांनी दाखवलं. एरवी तो तसं का करत नाही, असा प्रश्न मला पुढे एका परिसंवादात विचारला गेला. मी म्हणालो, त्या दिवसांत त्याला आपण कशासाठी बसलो आहोत हे ठाऊक होतं. समोरचा माणूस आणि त्याची अडचण दिसत होती. एरवी त्याला विम्याची पॉलिसी विकायची असते, आणि ती घेणाऱ्याला तिची गरज नाही हे दोघांनाही माहीत असतं.

परिस्थिती म्हणजे काय, हेही जरा जवळून बघू. लोकांना वाटतं पगार. पगार महत्त्वाचा आहेच, त्यासाठी संघटनांनी जो लढा दिला त्याचं मोल मी जाणतो. १९६६च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून मार्च २०२४च्या बाराव्यापर्यंतची ती वाट आहे. शेवटच्या करारात १७ टक्के वाढ मिळाली, पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी मात्र सरकारच्या मान्यतेवर सोडली गेली. पण मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली दोनशेच्या आसपास अभियंते आणि हिशेबनीस यांच्याशी बोलून जे मांडलं, ते मला शाखेत पदोपदी दिसलं. पगार, जागा, नियम यांची उणीव माणसाला आतून कुरतडते. पण ती भरून निघाल्यानं कामात जीव येतोच असं नाही. जीव येतो तो काम पार पडल्याच्या जाणिवेतून, आणि ते कुणीतरी पाहिलं यातून.

उणीव कशी कुरतडते ते सांगतो. दुपारी बारा वाजता लिंक जाते, समोर पासबुक घेऊन साठ माणसं, आणि शिव्या खायला क्लार्क. ग्रामीण शाखेत बाईंसाठी स्वच्छतागृह नाही म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत; मूत्रमार्गाच्या त्रासासाठी रजा घेतात तेव्हा हजेरीच्या तक्त्यात त्या ‘वारंवार गैरहजर’ ठरतात. नवरा नाशिकला, बायको नांदेडला, मूल आजीकडे साताऱ्याला. विवाहित महिलांना शक्यतो पतीच्या गावाजवळ नेमावं असं केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं २०१४ साली सुचवलं, त्यानंतर काहींची सोय झाली. पण ‘शक्यतो’ या शब्दात किती संसार अडकले आहेत हे बदलीच्या अर्जांची फाइल चाळणाऱ्याला कळतं.

आणि माणसांची वाण. २००० ते २००१ या काळात स्वेच्छानिवृत्तीनं सरकारी बँकांतून एक लाखाहून जास्त माणसं गेली. त्याआधीची बरीच वर्षं भरती जवळजवळ थंडावली होती. पुढे २०११पासून सामायिक परीक्षेनं नवी पोरं आली, देशाच्या कानाकोपऱ्यातून. मधली पिढीच नाही. त्यामुळे एका टेबलावर छप्पन वर्षांचा माणूस, ज्याला गावातलं प्रत्येक घर माहीत आहे, आणि शेजारी चोवीस वर्षांचा पाटण्याचा किंवा गुंटूरचा अधिकारी, ज्याला संगणक माहीत आहे आणि मराठी नाही. मी अशा शाखा पाहिल्या जिथे या दोघांत संवाद होता, आणि तिथे कामाचा झपाटा बघण्यासारखा होता. कारण एकच, प्रमुखानं पहिल्या आठवड्यात दोघांना एकत्र गावात फिरवलं होतं. जिथे फिरवलं नव्हतं तिथे तो मुलगा सहा महिन्यांत बदलीचा अर्ज टाईप करून बसला होता. विलीनीकरणांनी यात भर घातली. २०१७मध्ये सरकारी बँका सत्तावीस होत्या, १ एप्रिल २०२०ला बारा उरल्या. रातोरात पाटी बदलली, प्रणाली बदलली. आणि ‘तुमच्या बँकेत असं चालत असेल’ हे वाक्य कित्येकांनी वर्षानुवर्षं ऐकलं.

इथे एक सावधगिरी. बँक सुधारली की नेतृत्वाची आरती आणि बुडाली की त्याच्याच नावानं बोटं मोडणं, हे सोपं आहे. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र २०१७च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली गेली, जानेवारी २०१९च्या अखेरीस बाहेर आली, आणि पुढे कर्ज आणि ठेवींच्या वाढीत सरकारी बँकांत पुढच्या रांगेत गेली. माणसं बरीचशी तीच, शाखा त्याच. पण मधल्या काळात सरकारनं भांडवल घातलं, दिवाळखोरीचा नवा कायदा वापरला जाऊ लागला, कर्जं साफ झाली. यात नेतृत्वाचा वाटा किती, हे नेमकं वेगळं काढता येईल असा दावा मी करत नाही.

तरी एका माणसाचं नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. राजकुमार तलवार १९६९ ते १९७६ स्टेट बँकेचे अध्यक्ष होते. आणीबाणीत एका उद्योगाच्या कर्जाबाबत संजय गांधींकडून आलेला दबाव त्यांनी मानला नाही. त्यांना काढता यावं म्हणून सरकारला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. बँकर नारायणन वाघुल यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. लोक ती धैर्याची गोष्ट म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. मला त्यात आणखी एक दिसतं. वरून आलेला दबाव त्यांनी आपल्या अंगावर घेतला आणि तिथेच थांबवला. तो खाली झिरपू दिला असता तर एखाद्या शाखेतल्या कुणा अधिकाऱ्याला त्या फाइलवर सही करावी लागली असती, आणि पुढे जन्मभर खुलासे द्यावे लागले असते.

रिझर्व्ह बँकेचा एक नियम पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल. संवेदनशील पदावरच्या माणसाला वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस, आगाऊ न कळवता, सक्तीनं रजेवर पाठवायचं. हेतू दक्षतेचा: त्याच्या पश्चात त्याची खाती दुसऱ्याच्या नजरेखालून जावीत. पण मी त्या रजेवरून परतलेली माणसं पाहिली आहेत. एकजण दहा वर्षांत पहिल्यांदा मुलाला शाळेत सोडून आला होता. संशयापोटी केलेला नियम विसावा देऊन गेला, ही मला या विषयातली सगळ्यात आशेची गोष्ट वाटते, आणि तो नियम टाळण्यासाठी शाखाप्रमुख काय काय सबबी सांगतात ती सगळ्यात दुःखाची.

हे पुस्तक वरिष्ठांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे, पण लिहिताना समोर होता तो काउंटर. यातले प्रसंग खरे आहेत; माणसांची आणि गावांची नावं बदलली आहेत, कारण ज्यांनी मला आपल्या चुका सांगितल्या त्यांनी माझ्यावर विश्वास टाकून सांगितल्या. तक्ते थोडे आहेत. ज्यांना सिद्धांत हवे आहेत त्यांनी चौथ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. पहिलं प्रकरण सकाळी पावणेदहाला सुरू होतं, जेव्हा तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या खिशांतून बाहेर येतात, आणि दुसरी किल्ली आणणाऱ्याला पहिली आणणारी विचारते, काल रात्री झोप लागली का.